सोबतीचा खेळ आणि वेळेची अमानत



अल्लाहने मानवाची घडण सोबतीसाठी केली आहे. आपण नमाज जमाअतीने अदा करतो, रोजा एकाच दस्तरखानाभोवती बसून सोडतो, हजचा प्रवास काफिल्यासोबत करतो. जमाअतीने अदा केलेली नमाज एकट्याने अदा केलेल्या नमाजपेक्षा सत्तावीस पटींनी श्रेष्ठ आहे, हे हदीसमधून आपल्याला ठाऊक आहे. ज्या धर्माने उपासनेतही माणसाला माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभे केले, त्या धर्माच्या अनुयायांना करमणूकही सोबतीने करावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

आज ही करमणूक मोठ्या प्रमाणात पडद्यावर आली आहे. पूर्वी गल्लीत विटी-दांडू किंवा क्रिकेट खेळणारी मुले आता मोबाइलवर चार जणांचा संघ करून खेळतात. एकाच घरातील भाऊ-बहीण टीव्हीसमोर दोन कंट्रोलर घेऊन बसतात. व्हिडिओ गेमचे अनेक प्रकार आहेत. परंतु ज्यात खेळाडू एकमेकांविरुद्ध न खेळता एकमेकांच्या साथीने खेळतात, त्या प्रकाराचा विचार या पाठात करावयाचा आहे.

या विषयावर आपल्याकडे बहुधा एका वाक्यात निकाल दिला जातो : मोबाइल वाईट, खेळ वाईट. तरुण मुलगा ते मान खाली घालून ऐकतो आणि घरी जाऊन पुन्हा खेळायला बसतो. कारण त्या खेळात त्याला जे मिळते, त्याचा उल्लेखही आपल्या बोलण्यात आलेला नसतो. वैद्याने आधी नाडी पाहावी, मग औषध द्यावे. म्हणून आधी या खेळातील आनंद समजून घेऊ आणि मग त्याची किंमत मोजू.

खेळाविषयी प्रेषितांचे (स.) आचरण

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खेळाला जीवनातून हद्दपार केले नाही. एका प्रवासात त्यांनी ह. आएशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि ह. आएशा (रजि.) जिंकल्या. पुढे बऱ्याच काळानंतर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या शर्यतीची परतफेड झाली, असे ते हसत म्हणाले. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते. प्रेषित (स.) आड करून उभे राहिले, ह. आएशा (रजि.) त्यांच्या खांद्याआडून पाहत राहिल्या आणि त्यांचे मन भरेपर्यंत प्रेषित (स.) जागचे हलले नाहीत. ह. आएशा (रजि.) यांच्या मैत्रिणी खेळायला येत आणि प्रेषित (स.) घरात येताच संकोचाने लपून बसत, तेव्हा ते स्वतः त्यांना पुन्हा खेळायला पाठवीत.

या तिन्ही प्रसंगांत खेळ सोबतीचा आहे. पती पत्नीसाठी वेळ काढतो, समाज एकत्र येऊन ईद साजरी करतो, मुलींना त्यांचे बालपण मिळते. खेळाने येथे नाते घट्ट झाले आहे.

ह. हन्जला (रजि.) यांना आपण ढोंगी झालो की काय, अशी भीती वाटली. प्रेषितांजवळ असताना जन्नत व जहन्नम डोळ्यांसमोर उभी राहते आणि घरी गेल्यावर बायको-मुलांत व कामधंद्यात मन रमते, ही त्यांची व्यथा होती. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की मनाची एकच अवस्था सदासर्वकाळ राहत नाही, एक घटका त्यासाठी, एक घटका यासाठी. या शिकवणीत विसाव्याला परवानगी आहे आणि मोजमापही आहे. घटका म्हणजे घटका. तिचा दिवस होऊ नये.

व्हिडिओ गेमविषयी विद्वानांमध्ये एकमत नाही. काहींनी त्यातील चित्रे, संगीत व हिंसा यांमुळे कठोर भूमिका घेतली आहे, तर अनेकांनी अटींसह मुभा दिली आहे. त्या अटी सामान्यतः अशा : खेळात जुगार, अश्लीलता किंवा श्रद्धेला बाध आणणारी गोष्ट नसावी, फर्ज कर्तव्ये चुकू नयेत, आणि स्वतःचे अथवा दुसऱ्याचे नुकसान होऊ नये. कोणत्या विद्वानाचे मत अनुसरावे, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून ठरवावे. आपल्यापुढील प्रश्न थोडा वेगळा आहे : सोबतीने खेळल्यामुळे या अटी पाळणे सोपे होते की अवघड?

सोबतीच्या खेळात काय मिळते?

‘ओव्हरकुक्ड’ हा २०१६ साली आलेला खेळ पाहा. चार जणांपर्यंत खेळाडू एका भटारखान्यात काम करतात. एक भाजी चिरतो, दुसरा चुलीवरचे भांडे सांभाळतो, तिसरा ताट वाढतो, चौथा खरकटी भांडी धुतो. वेळ संपत आलेली असते आणि मागण्या वाढत असतात. कामाची वाटणी झाली नाही, तर सगळे एकमेकांच्या पायांत येतात आणि भांडे करपते. इफ्तारच्या आधी अर्धा तास आपल्या स्वयंपाकघरात जी धांदल उडते, तीच ही. घरात एरवी भांड्याला हात न लावणारा मुलगा या खेळात भांडी धुण्याचे महत्त्व शिकतो. ते खऱ्या मोरीपर्यंत पोहोचविणे मात्र त्याच्या अम्मी-अब्बांचे काम आहे.

२०२१ साली आलेला ‘इट टेक्स टू’ हा खेळ तर एकट्याला खेळताच येत नाही. तलाकच्या उंबरठ्यावर असलेले पती-पत्नी आणि त्यांची लहान मुलगी यांची ती कथा आहे. दोघे बाहुल्यांच्या रूपात अडकतात आणि एकमेकांच्या साहाय्यावाचून एकही अडथळा ओलांडू शकत नाहीत. एकाच्या हातात खिळे असतात, तर दुसऱ्याच्या हातात हातोडा. कथेत जादूटोण्याचा भाग आहे आणि काही प्रसंग लहानांना दाखविण्याजोगे नाहीत, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. तथापि, ज्या दोघांना एकमेकांचे तोंड पाहणेही नकोसे झाले आहे, त्यांना पुन्हा एकमेकांची गरज ओळखायला लावणे, ही कल्पना विचार करण्यासारखी आहे.

आपल्या तरुणांच्या मोबाइलवर अधिक दिसतो तो शंभर खेळाडूंच्या रणांगणाचा खेळ. भारतात ‘पबजी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि पुढील वर्षी त्याच धर्तीचा ‘बीजीएमआय’ आला. त्यात चौघांचा संघ असतो. एक साथीदार जखमी होऊन कोसळला, तर दुसऱ्याने त्याच्याजवळ थांबून त्याला उठवावे लागते. त्या काही सेकंदांत उठविणारा स्वतः शत्रूच्या माऱ्यात असतो. आपल्यासाठी कोणीतरी धोका पत्करून थांबले, हा अनुभव सोळा वर्षांच्या मुलाला फार मोठा वाटतो. वर्गात ज्याला कोणी विचारत नाही, त्याला येथे नावाने हाक मारली जाते.

हा आनंद खरा आहे. तो नाकारला, तर मुले आपले पुढचे म्हणणे ऐकणार नाहीत.

किंमत : मध्येच न थांबणारा डाव

परंतु ज्या मुळातून हा आनंद उगवतो, त्याच मुळातून त्याची किंमतही उगवते. एकट्याने खेळणारा मनात येईल तेव्हा खेळ थांबवू शकतो. पुस्तकात खूण ठेवून उठावे, तसा तो उठतो. इंटरनेटवर इतरांसोबत चालणारा सामना एका खेळाडूसाठी थांबत नाही. त्याचा अवधी अर्ध्या तासाच्या आसपास असतो आणि मध्येच उठणारा आपल्या तीन साथीदारांना अडचणीत टाकून जातो. म्हणून अम्मीने हाक मारली की आतून उत्तर येते : “दोन मिनिटे, माझी टीम हरेल.”

या उत्तरात केवळ आळस नाही, निष्ठाही आहे, आणि म्हणूनच हा मोह अधिक कठीण आहे. मनुष्य स्वतःच्या वाईट इच्छेला वाईट म्हणून ओळखतो. पण मित्राला दिलेला शब्द पाळण्याच्या नावाखाली जे घडते, ते त्याला चांगुलपणासारखे वाटते.

मगरिबचे उदाहरण घ्या. सूर्यास्तानंतर जमाअत लगेच उभी राहते. अजानपूर्वी दहा मिनिटे डाव सुरू केला, तर तो संपेपर्यंत जमाअत संपलेली असते. खेळाडूने त्या क्षणी नमाज सोडायचे ठरविलेले नसते. त्याने फक्त दहा मिनिटे आधी घड्याळ पाहिलेले नसते. निर्णय अजानच्या वेळी होत नाही, तो डाव सुरू करतानाच होऊन गेलेला असतो.

सूरह जुमुआच्या अखेरीस मदीनेतील एका घटनेकडे निर्देश आहे. प्रेषित (स.) खुत्बा देत असताना व्यापारी काफिला आला आणि लोक त्याकडे धावले. हदीसनुसार केवळ बारा जण मागे राहिले. व्यापार हलाल होता आणि काफिल्याची गरजही होती. चूक वेळेची होती. हलाल गोष्टही चुकीच्या वेळी हाती घेतली, तर ती प्रेषितांना उभे सोडून जाण्यास कारण होते, हा धडा खेळालाही लागू आहे.

सूरह माइदाच्या आरंभी ईमानधारकांना आज्ञा आहे की त्यांनी पुण्यकर्मात व ईशभयात एकमेकांशी सहकार्य करावे. पाप व अतिरेक यांत करू नये. अरबीत या सहकार्यासाठी ‘तआवुन’ हा शब्द आहे. सहकार्य हा स्वतः सद्गुण आहे; पण ते कशासाठी होते, यावर त्याचे मोल ठरते. चौघांनी मिळून एकमेकांची नमाज चुकविली, तर तेही सहकार्यच झाले आणि त्याचा हिशेब चौघांकडेही मागितला जाईल. याउलट, चौघांपैकी एकाने म्हटले, “अजान जवळ आली, पुढचा डाव नमाजनंतर,” तर त्याच संघाचे सहकार्य पुण्याचे होते.

रात्रीचेही तसेच आहे. इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. आज मित्रांचा संघ जमतो तोच मुळी इशानंतर. एक वाजता झोपलेल्या मुलाला फजरला कोण उठविणार? शरीराचा, डोळ्यांचा आणि घरच्या माणसांचा आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण तर रात्रभर उपासना करणाऱ्या सहाबींना दिली गेली होती. खेळासाठी जागणाऱ्याला ती किती अधिक लागू पडते, हे सांगण्याची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारणतः वर्षभर दिसावी लागतात. म्हणजे सुट्टीत चार दिवस खेळलेल्या प्रत्येक मुलाला रोगी ठरवू नये. आणि वर्षभर सर्व काही सोडून बसलेल्या मुलाला केवळ रागावूनही चालणार नाही. त्याला दुआबरोबर डॉक्टरचीही गरज आहे.

मागे राहिलेला सोबती

सूरह यूसुफमध्ये एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून सुटून जाते. भावांनी यूसुफ (अ.) यांना वडिलांकडून मागून नेले, ते खेळण्या-बागडण्याच्या निमित्ताने. ह. याकूब (अ.) यांना भीती होती की तुमचे लक्ष नसताना लांडगा त्याला खाईल. संध्याकाळी भाऊ रडत परतले आणि म्हणाले की आम्ही शर्यतीत गुंतलो होतो, यूसुफला सामानाजवळ ठेवले होते. सबब खोटी होती. पण त्यांनी हीच सबब का निवडली? कारण ती पटण्याजोगी होती. खेळात रमलेले मोठे भाऊ धाकट्याला विसरतात, हे त्या काळीही सर्वांना ठाऊक होते.

ज्यांचे बालपण कॅसेट घालून चालणाऱ्या टीव्ही गेमच्या काळात गेले, त्यांना ‘कॉन्ट्रा’ आठवत असेल. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात दोन साथीदार धबधब्याच्या खडकांवरून वर चढतात. जो झपाट्याने वर जातो, त्याच्याबरोबर पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला साथीदार पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूची एक गोळीही न लागता, केवळ मित्राच्या घाईने. कित्येक घरांत या धबधब्यावरून भावाभावांची भांडणे झाली आहेत. या टप्प्यात जिंकायचे असेल, तर चांगल्या खेळाडूला आपली गती कच्च्या खेळाडूच्या गतीशी जुळवावी लागते. जमाअतीत वृद्ध, दुर्बल व गरजू असतात, म्हणून इमामाने नमाज लांबवू नये, या शिकवणीमागेही हीच दया आहे.

म्हणून सोबतीच्या खेळाची पहिली कसोटी अशी : या खेळात मागे कोण राहिले? संघातील धाकटी बहीण राहिली का? की खेळात नसलेली, पलीकडच्या खोलीत एकटी बसलेली आजी राहिली? चौघे दूरच्या मित्रांशी बोलत आहेत आणि घरातील पाचव्याशी दिवसभर कोणी बोललेले नाही, तर पडदा कोणाला तरी खाली टाकून वर सरकला आहे.

समुद्रापलीकडचे अब्बा

रत्नागिरी-रायगडमधील आपल्या असंख्य कुटुंबांत घरचा कर्ता आखाती देशांत असतो. अशाच एका आईने प्रश्न विचारला होता. मुलगा बारा वर्षांचा, वडील कुवेतमध्ये. दोघे मिळून ‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्यांचे घर बांधतात, गावच्या घरासारखे : पडवी, विहीर, मागची वाडी. वडिलांचे म्हणणे होते, “फोनवर तो हो, बरं, ठीक एवढेच बोलतो. खेळताना शाळेतले सगळे सांगतो. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या बापाकडे दुसरे काय आहे?” आईचे म्हणणे होते, “कुवेतमध्ये रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा येथे साडेअकरा झालेले असतात. त्याला अब्बा मिळतात आणि सकाळी मला न उठणारा मुलगा मिळतो.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. वडिलांचा खेळ वेळ घालविण्यासाठी नव्हता. ते पितृत्व होते. परंतु अडीच तासांच्या फरकाची किंमत लेकरू आपल्या झोपेने आणि फजरने चुकवीत होते. तोडगा खेळ बंद करण्यात नव्हता. कुवेतमध्ये शुक्रवार व शनिवार सुट्टी असते. येथील असर व मगरिब यांच्यामधील वेळी तेथे दुपार असते. त्या दोन दिवशी एक-एक तास ठरला आणि इतर दिवशी रात्रीचा खेळ बंद झाला. आणखी एक गोष्ट ठरली : आईनेही जवळ बसावे. विहीर चुकीच्या बाजूला खोदली आहे, हे तिनेच दाखविले. त्या दिवसापासून ते घर तिघांचे झाले.

प्रत्येक जण एक मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या हदीसचा अर्थ अशा लहान निर्णयांतच उलगडतो.

जीभ आणि पैसा

दोन धोक्यांकडे पालकांचे लक्ष कमी जाते. पहिला जिभेचा. संघातील खेळाडू माइकवर बोलतात. कच्च्या साथीदाराला शिव्या देणे, त्याच्या आई-बहिणीचा उद्धार करणे, हे तेथे सहज चालते. ज्याच्या हातापासून व जिभेपासून इतर सुरक्षित असतात तो मुसलमान, ही व्याख्या कानावर इयरफोन चढविल्याने रद्द होत नाही. अनोळखी माणसे लहान मुला-मुलींशी बोलू शकतात, हा धोकाही येथेच आहे. संघ ओळखीच्या माणसांचाच असावा आणि लहानांच्या खेळाचा आवाज घरात ऐकू यावा.

दुसरा धोका पैशाचा. अनेक खेळ फुकट मिळतात आणि पेट्या विकून पैसा कमावतात. पैसे आधी द्यायचे. पेटीतून काय निघेल ते नशिबावर. मित्रांकडे झळाळता पोशाख आहे आणि आपल्याकडे नाही, या लाजेने मुलगा अब्बांच्या खात्यातून पैसे भरतो. यात जुगाराचा स्पष्ट वास आहे आणि त्यापासून दूर राहावे. पैसे लावून जिंकण्या-हरण्याचे ऑनलाइन खेळ तर आपल्या देशातही २०२५ च्या कायद्याने निषिद्ध झाले आहेत. कुरआनने जुगाराच्या निषेधाची जी कारणे सांगितली आहेत, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहेत : त्याने आपसांत वैर व द्वेष निर्माण होतो आणि अल्लाहचे स्मरण व नमाज यांपासून माणूस अडविला जातो. जुगार नसलेल्या खेळातूनही हीच दोन फळे निघू लागली, तर झाड तपासण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

घरासाठी काही नियम

१. डाव सुरू करण्यापूर्वी घड्याळ पाहावे. नमाजला पाऊण तासाहून कमी वेळ असेल, तर लांब सामना सुरू करू नये.

२. वचन आधीच मर्यादित द्यावे. “मी दोनच डाव खेळेन,” असे मित्रांना आरंभीच सांगितले, तर उठताना वचनभंग होत नाही आणि भीडही पडत नाही.

३. पालकांनीही डाव संपण्यास किती वेळ आहे ते विचारावे. खेळ कळत असेल, तर “हा संपला की उठ” असे सांगता येते आणि ते मुलाकडून पाळून घेता येते. मध्येच मोबाइल हिसकावल्याने मुलगा नमाजला जातो, पण मनात राग घेऊन जातो.

४. इशानंतर उशिराचा संघ नको. सुट्टीच्या दिवशीही फजरचा हिशेब करूनच वेळ ठरवावी.

५. आठवड्यातून एकदा तरी खेळ घरच्यांसोबत असावा, आणि तो नेहमी पडद्यावरचाच असावा असे नाही.

घरात बसून विचार करावा असे प्रश्न

आपल्या घरात शेवटचा सोबतीचा खेळ कोणता आणि केव्हा झाला? खेळामुळे गेल्या आठवड्यात कोणती नमाज जमाअतीविना राहिली? आपल्या संघातील मित्राला आपण कधी नमाजची आठवण करून दिली का? आणि मुलाच्या खेळातील एका तरी साथीदाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?

आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. सोबतीच्या खेळात या दोन्ही देणग्या खर्च होतात, आणि तिसरी देणगी म्हणजे मैत्री, तीही पणाला लागते. कयामतच्या दिवशी आयुष्याविषयी व तारुण्याविषयी विचारले जाईल, तेव्हा आपल्या सोबत्यांनी आपल्या बाजूने साक्ष द्यावी, अशीच सोबत निवडावी.

अल्लाह आपल्या घरांत प्रेम व हास्य नांदवो, आपल्या मुलांना सन्मित्र देवो आणि आपल्या वेळेत बरकत देवो. आमीन.